फाटकाच्या आत

जनावर ज्या जागी बुजतं, त्या जागेवरून त्याला त्याच दिवशी पुन्हा न्यायचं. नाहीतर ते जन्मभर बुजतं. खेचरवाल्याला हे त्याच्या बापानं शिकवलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. पुलाला बुजणारं, वाहत्या पाण्याला बुजणारं, बाईच्या उघड्या छत्रीला बुजणारं, अशी नाना तऱ्हेची खेचरं या घरानं वळणावर आणली होती. उपाय एकच. दोर आखूड धरायचा. आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही आणि सोडायचंही नाही. शेवटी जनावर मान खाली घालून निघतं, आणि मग त्याच्याइतकं गरीब जनावर शोधून सापडत नाही.

म्हणून त्याची थोरली लेक शाळेच्या फाटकापाशी अडली तेव्हा त्यानं तिला मारलं नाही. तिचं मनगट धरलं.

"चल."

"बाबा, श्वास आत जात नाहीये."

"पळत आलीस म्हणून. चल."

"पळत कुठं आले हो? तुमच्याबरोबरच आले ना."

ते खरं होतं. दोघं चालतच आले होते, मागे दोन खेचरं, खेचरांवर रिकामी पोती. डोंगरावर पाण्याची टाकी बांधायचं काम चाललं होतं. गाडीरस्ता पायथ्यालाच संपत होता, त्यामुळे वाळू, खडी, सिमेंट, सगळं खेचरांच्या पाठीवरून वर जायचं. पावसाच्या आत टाकी उभी राहिली नाही तर ठेकेदार दुसऱ्याची खेचरं आणणार होता, आणि एकदा दुसऱ्याची खेचरं डोंगर चढली की यांना विचारणार कोण? ऊन तापायच्या आत पहिली फेरी व्हायला हवी होती. आणि ही मुलगी फाटकाबाहेर उभी राहून तोंड उघडून हवा गिळत होती. ओठ पांढरे पडले होते, हातांची बोटं आत वळली होती.

समोरचा सायकलवाला ट्यूबला ठिगळ लावता लावता थांबला. "काय, पोरगी अडली?"

"बुजलीय," खेचरवाला म्हणाला. "होईल सरळ."

ती कशानं बुजली हे घरात ठाऊक होतं, पण ते एवढं मोठं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. गणिताच्या सरांची एक पद्धत होती. तपासलेले पेपर वाटताना सगळ्यात कमी मार्कांचा पेपर ते शेवटी काढायचे आणि त्या मुलाला फळ्यापाशी बोलवायचे. चुकलेलं गणित सुटेपर्यंत त्यानं तिथून हलायचं नाही. सर काही दुष्ट नव्हते. ते स्वतः असेच शिकले होते, आणि ज्याला एकच औषध ठाऊक असतं तो ते सगळ्यांना पाजतो. थोरली खडू हातात घेऊन उभी राहिली ती उभीच राहिली. गणित सुटेना, सर काही बोलेनात, वर्ग बघत बसला. मग तिला धाप लागली. ती फळ्याला टेकून खाली बसली आणि तिचा स्कर्ट ओला झाला. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा वर्ग हसला.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं धाप. ती व्हरांड्यातून निघाली की मुली जोरजोरात श्वास घ्यायच्या. "धाप आली, धाप आली." नंतर नंतर खालच्या वर्गातली शेंबडी पोरंसुद्धा हं-हं-हं करत तिच्या मागे फिरायला लागली.

"हसतील त्यांचे दात दिसतील," आई म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? दिवसभर पायथ्याशी वाळूची पोती भरून तिचीच कंबर धरलेली होती. फावड्याचा दांडा लागून तळहातावर फोड आले होते. पोरीचं बोलणं तिनं अर्ध्या कानानं ऐकलं. पुढे याचंच तिला सर्वांत जास्त वाईट वाटलं.

थोरली शाळेत जाईना तेव्हा मोठ्या सरांनी बापाला बोलावून घेतलं. तो डोंगरावरून तसाच आला, अंगभर सिमेंट, खांद्यावर दोर. ऑफिसातल्या खुर्चीवर बसला तर खुर्ची मळेल म्हणून उभाच राहिला. त्याला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मुलगी वांड नाही तुमची," मोठे सर म्हणाले. "कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मग घोडं कुठं पेंड खातंय तेच कळत नाही."

"घोड्याचं मी बघतो," खेचरवाला म्हणाला. मोठे सर हसले, मग तोही हसला.

शेजारी चित्रकलेच्या बाई बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. शाळेतल्या मुलांच्या मनाचं काय ते बघायचं काम वरून आलं होतं, आणि चित्रकलेचे तास कमी म्हणून ते बाईंच्या गळ्यात पडलं होतं. त्यासाठी बाई कुठंसं शिकूनही आल्या होत्या. खेळाच्या सामानाची खोली त्यांना मिळाली होती. मोडक्या बॅटी आणि फाटके नेट एका कोपऱ्यात सारून बाईंनी स्वतःच्या हातानं भिंतीवर हसरा सूर्य काढला होता आणि दारावर 'मोकळी खोली' अशी पाटी लावली होती. ज्याला रडावंसं वाटेल, बोलावंसं वाटेल, नुसतं बसावंसं वाटेल, त्यानं यावं. मुलं त्या खोलीला वेड्यांची खोली म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, तरी त्या रोज ती खोली झाडून घ्यायच्या.

"हा हट्ट नाहीये," बाई म्हणाल्या. "घाबरण्याचा आजारच असतो असा. मोठ्या दवाखान्यात गुरुवारी मनाचे डॉक्टर येतात. एकदा दाखवा तिला."

"म्हणजे पोरगी वेडी?"

"नाही हो. ताप येतो, तसं हे. आणि तिला ओढत आणू नका. थोडं थांबा. कशाची भीती वाटते ते विचारा तिला."

"विचारून काय होतं, बाई? आम्ही खेचराला विचारतो का?"

"ती खेचर नाही."

"म्हणून तर हलक्या हातानं धरतो," तो म्हणाला. असं म्हणताना तो खोटं बोलत नव्हता. पोरीवर त्याचा फार जीव होता. ती लहान असताना तो तिला म्हाताऱ्या खेचराच्या पाठीवर बसवून डोंगरावर न्यायचा आणि उतारावर एक हात तिच्या पाठीला लावून चालायचा. आपल्या घरातलं एक तरी माणूस पोत्याखालून निघावं, सावलीत बसून काम करावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती आता शाळेला बुजली तर जन्मभर बुजेल आणि आईशेजारी फावडं घेऊन उभी राहील, ही भीती त्याला झोपेतसुद्धा सोडत नव्हती.

दवाखान्याचं त्यानं घरी सांगितलंच नाही.

मग फाटकावरच्या त्या सकाळपासून रोजचं सुरू झालं. उजव्या हातात खेचरांचा दोर, डाव्या हातात पोरीचं मनगट. फाटक आलं की ती अडायची. तो थांबायचा. ओढायचा नाही, पण एक पाऊलही मागे घेऊ द्यायचा नाही. आजूबाजूनं मुलं आत जात, वळून बघत, हं-हं-हं करत. सायकलवाल्याकडे गिऱ्हाइकं टेकून उभी राहत.

"आज किती वेळ घेतेय बघू."

"अरे, खेचर बरं. निदान लाथ मारून मोकळं होतं."

खेचरवाल्याच्या कानशिलांवर घाम यायचा. लोकांसमोर असं उभं राहायची त्यालाही लाज वाटायची. पण लाजेनं दोर सोडला की जनावर हातचं गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी थोरली आत पाऊल टाकायची. तो कोपरीच्या खिशातून लिमलेटची एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवायचा. खेचर जागा ओलांडून गेलं की तो त्याला भिजवलेल्या हरभऱ्याची मूठ द्यायचा, तशीच ही. ती गोळी मुठीत धरून, न बघता, निघून जायची.

संध्याकाळी आई तिच्या मनगटाला तेल लावायची. गोऱ्या कातडीवर चार बोटं आणि एक अंगठा उमटलेला असायचा.

"अहो, जरा हलकं धरत जा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी धरत नाही. ती ओढते म्हणून वळ उठतात."

"बाई काय म्हणाल्या होत्या ते तरी सांगा."

"बाई म्हणाल्या, सवय होईल." आणि तो खोगीर आवळायचा तंगाचा पट्टा शिवायला बसला. दाभण अंगठ्यात घुसलं तरी त्यानं मान वर केली नाही.

आणि खरंच, एके दिवशी थोरली अडलीच नाही. फाटक आलं, तिनं मान खाली घातली आणि सरळ आत गेली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यानं मनगट सोडून बघितलं, तरी गेली. सायकलवाल्यानं हातातला पाना वर करून सलाम ठोकला. "मानलं बुवा!"

त्या दिवशी खेचरवाला डोंगर चढताना शीळ घालत होता. नवं खेचर वरच्या वळणावर अजून बिचकायचं, त्याला त्यानं दोनदा फिरवून नेलं आणि मानेवर थोपटलं. टाकीवरच्या गवंड्यांना तो सांगत सुटला. "डॉक्टर म्हणे डॉक्टर! पोरीला काय झालं होतं? बूज. आमच्या घरात तीन पिढ्या बूज काढतायत." मोठ्या सरांनीही रस्त्यात थांबवून त्याची पाठ थोपटली, आणि त्यांच्या हाताला सिमेंट लागलं.

घरात मात्र थोरली बोलायची बंद झाली. विचारलं तर उत्तर द्यायची, सांगितलेलं काम करायची. भांडी घास म्हटलं की घासली, झोप म्हटलं की झोपली. सकाळी पाण्याचा घोटही घ्यायची नाही. शाळेतून आली की आधी कपडे बदलायची, आणि ते कपडे आईच्या हाती लागू न देता स्वतः धुवायची. आईला वाटलं, मोठी झाली. मग वाटलं, काहीतरी बिघडलंय. पण काय बिघडलंय ते सांगता येईना, आणि नवरा इतक्या दिवसांनी शीळ घालत होता. तिला त्याचा आनंद मोडवेना.

दिवसाचं काम संपलं की आई खेचरांचे खूर साफ करायची. आकड्यानं खुरात अडकलेले खडे काढायचे, फडक्यानं पुसायचं, कुठं ओल राहिली नाही ना ते बघायचं. खुरात ओल राहिली की खूर आतून कुजतो, पांढरा पडतो, वास मारतो, आणि मग जनावर वर्षभर कामातून जातं. थोरली शेजारी बसून फडकी पिळून देत होती. आईची नजर सहज तिच्या पावलांवर गेली.

तळवे पांढरेफटक होते. सुरकुतलेले, फुगलेले. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून लाल मांस दिसत होतं.

"हे काय गं?"

थोरलीनं पाय आत ओढून घेतले. "शाळेत नळापाशी चिखल असतो."

 आईनं खेचराचा पाय खाली सोडला. गावात प्यायला पाणी नव्हतं. बायका हंडे घेऊन कोसभर जात होत्या, त्या पाण्यात डाळ धुवायची आणि तेच पाणी मग खेचरांपुढे ठेवायचं, अशी दशा होती. या उन्हाळ्यात चिखल आला कुठून?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं फावडं वाळूत रोवलं आणि पदरानं तोंड पुसत शाळेत गेली. नवरा डोंगरावर होता. मुकादम मागून ओरडला, तिनं वळून बघितलं नाही.

थोरलीच्या वर्गावर गणिताचे सर होते. थोरलीच्या जागी नुसतं दप्तर होतं.

"ती होय? ती चित्रकलेच्या बाईंकडे असते," सर दारात येऊन हळू आवाजात म्हणाले. "हजेरीला असते, मग जाते मोकळ्या खोलीत. आम्ही अडवत नाही. त्या प्रसंगानंतर मीही तिला काही बोलत नाही हो." ते मनापासून म्हणत होते.

मोकळ्या खोलीत बाई एकट्याच बसून रंगांच्या बाटल्या पुसत होत्या.

"माझ्याकडे? नाही हो. आधी येऊन बसायची ती. पण हल्ली येत नाही. मला वाटलं, बरी झाली, वर्गात रमली. मी तर वरती तसं कळवलंसुद्धा..." बाईंचं बोलणं तिथंच तुटलं. सर मागोमाग आले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वर्गाला वाटत होतं ती खोलीत आहे, खोलीला वाटत होतं ती वर्गात आहे. इतके दिवस पोरगी कुठंच नव्हती आणि कुणाचंच काही अडलं नव्हतं.

"तुमच्या शाळेत पाणी कुठं गळतं?" आईनं विचारलं.

"काय?"

"पाणी. सांडतं कुठं?"

शिपायानं सांगितलं. मुलींच्या संडासांच्या ओळीत शेवटचा, त्याचा बोअरच्या खाऱ्या पाण्याचा नळ कित्येक दिवस गळतोय. तो बंदच आहे, तिकडं कुणी जात नाही.

आई पुढे, मागे बाई, त्यांच्या मागे सर आणि शिपाई, अशी वरात निघाली. मोरीची दुर्गंधी नाकात जात होती. शेवटच्या दाराला कडी नव्हती, भोक होतं नुसतं. दाराखालून पाण्याचा ओघळ बाहेर आला होता आणि दाराखालच्या फटीतून दोन पांढऱ्या टाचा दिसत होत्या. थोरली दाराला पाठ लावून पाण्यात उभी होती. चपला भिजू नयेत म्हणून तिनं त्या हातात धरल्या होत्या. चपला भिजल्या असत्या तर घरी कळलं असतं.

"बाळा, मी आहे गं," आई म्हणाली. "दार उघड."

दार हललं नाही.

"मी रागावणार नाही. कुणीच रागावणार नाही."

आतून फक्त श्वास ऐकू येत होता, भराभर, वरच्या वर. मधली सुट्टी झाली आणि मुली जमायला लागल्या. "धाप आहे आत," कुणीतरी कुजबुजलं. बाई मागे वळून किंचाळल्या, "निघा! सगळ्या निघा इथून!" आणि त्यांच्या किंचाळण्यानं उरलेली शाळाही गोळा झाली. मोठे सर आले. शिपायाला सांगून दारच काढून टाकू म्हणाले.

"दाराला हात लावायचा नाही कुणी," आई म्हणाली. ती ओल्या फरशीवर बसली, दाराला डोकं टेकवलं, आणि पोरीला आठवेल ते सगळं सांगत राहिली. तू लहानपणी अशी होतीस, तशी होतीस. म्हातारं खेचर तुझ्या हातचंच खायचं. मी तुझं ऐकून घेतलं नाही, माझं चुकलं. तिचा आवाज बसला, तरी दार उघडलं नाही.

खेचरवाल्याला कुणीतरी निरोप दिला. तो डोंगर उतरून धावतच आला. सदरा पाठीला चिकटलेला, भुवयांवर सिमेंटची पूड, दोर गळ्यात तसाच. गर्दी बाजूला झाली. त्यानं बायकोकडे बघितलं, दाराकडे बघितलं. त्याचा आवाज चढला नाही. त्यानं कधीच चढवला नव्हता.

"थोरले, बाहेर ये."

दार लगेच उघडलं.

ती बाहेर आली, मान खाली, चपला हातात. बापासमोर येऊन थांबली आणि उजवं मनगट पुढे केलं. क्षणभर, अगदी क्षणभरच, खेचरवाल्याला बरं वाटलं. जे बायकोला एवढा वेळ रडून जमलं नाही, ते त्याच्या एका शब्दानं झालं होतं. मग त्यानं ते मनगट बघितलं. जुने वळ हिरवे पडले होते, आणि हात धरायला तयार असा हवेत थांबला होता. त्यानं तो धरला नाही.

"फाटक तर ओलांडत होतीस ना रोज?" तो म्हणाला. त्याला खरोखरच कळत नव्हतं. "भीती गेली होती ना तुझी? मग इथं का?"

 थोरली म्हणाली, "आत गेले की तुम्ही जाता."

"म्हणजे?"

"आत गेले की तुम्ही निघून जाता. म्हणून जात होते."

तिनं तक्रार केली नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं होतं. सायकलवालाही तिथं आला होता, तो मागच्या मागे निघून गेला. खेचरवाल्याच्या तोंडात सिमेंटची चव आली.  आईनं उठून पोरीला पदराखाली घेतलं आणि त्या गर्दीतून बाहेर काढलं. तो मागून चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं नव्हतं. तसं तिला सांगितलंही होतं. तरी खेचरांवर खोगीर चढवायच्या वेळेला थोरली वेणी घालून, गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून दारात येऊन उभी राहिली.

"आज नाही जायचं गं," आई म्हणाली.

"बरं," ती म्हणाली आणि उभीच राहिली. आईनं दप्तर काढून घेतलं. वेणी सोडली, केसांतून हात फिरवला. ती उभीच. ऊन दारातून आत आलं, तिच्या फुगलेल्या पावलांवर पडलं, तरी ती हलली नाही. कुणीतरी काहीतरी सांगावं म्हणून थांबली होती.

बापाला ते बघवेना. "बस," तो म्हणाला.

ती बसली. इतकी पटकन बसली की त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या हाताखालचं सगळ्यात गरीब खेचरसुद्धा असं ऐकत नव्हतं. तो गोठ्यात गेला, म्हाताऱ्या खेचराच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडला. त्या दिवशी वाळू वर गेली नाही. ठेकेदाराचा माणूस दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेला. खेचरवाला ऐकत उभा राहिला, आणि तो बोलून थकल्यावर त्यालाच त्यानं विचारलं, मोठ्या दवाखान्याच्या गावाला सिमेंटचा ट्रक कधी परत जातो.

मग तो घरात आला. पोरीपासून हातभर लांब, जमिनीवर बसला. 

"गुरुवारी दवाखान्यात जायचं का?" तो म्हणाला. "बाई म्हणाल्या होत्या. मागेच म्हणाल्या होत्या, मीच सांगितलं नाही कुणाला. मनाचे डॉक्टर असतात तिथं."

चुलीपाशी आईचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. 

थोरली म्हणाली, "आत जावं लागेल?"

"तुला वाटलं तर. नाही वाटलं तर परत येऊ."

"तुम्ही येणार?"

"येईन."

"कुठं थांबणार?"

"तू म्हणशील तिथं."

तिनं यावर विचार केला. कपाळावर बारीक आठी पडली. इतक्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर काही हललेलं आईनं प्रथमच पाहिलं.

"लांब," थोरली म्हणाली.

"बरं," बाप म्हणाला.

गुरुवारी ट्रकमध्ये आई आणि थोरली पुढे बसल्या, तो मागे रिकाम्या पोत्यांवर. दवाखान्याचं आवार मोठं होतं. मधे फरशीचं अंगण, पलीकडे व्हरांडा, व्हरांड्यात बाकं आणि बाकांवर माणसंच माणसं. कुणी कण्हत होतं, कुणी झोपलं होतं. शेवटच्या दारासमोरच्या बाकावर मायलेकी टेकल्या. दार लोटलेलं होतं. नाव पुकारलं की लोक आत जात होते आणि आत गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर येत नव्हतं.

थोरली दाराकडे बघत होती. मग तिनं मान वळवून बाप कुठं आहे ते बघितलं. तो अंगणाच्या मध्यावर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे धरून. तिची नजर आली तसा तो चार पावलं मागे सरकला. झाडाची सावली सुटली, ऊन डोक्यावर आलं.

तिचं नाव पुकारलं गेलं. आईनं तिचा हात धरायला हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. "तुझं तू बघ," ती म्हणाली. "मी इथंच आहे." थोरलीच्या गळ्याशी श्वास भराभर हलायला लागला. बोटं आत वळायला लागली. ती उठली नाही. नर्सनं दारातून डोकं काढून बघितलं, वाट बघितली आणि मागचं नाव आधी घेतलं.

थोरलीनं पुन्हा बापाकडे बघितलं. तो आणखी मागे गेला. आता त्याची पाठ आवाराच्या भिंतीला लागली होती. एवढ्या लांबून त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती आपल्याकडेच बघतेय हे कळत होतं. तिला आणखी किती लांब हवं होतं, देव जाणे. मागे सरकायला जागा नव्हती. मग तो भिंतीच्या कडेकडेनं चालत निघाला आणि फाटकाबाहेर, रस्त्यावर जाऊन उभा राहिला. ट्रक, रिक्षा, माणसं, सगळं त्याला घासून जात होतं. ती आत गेली की नाही, हे त्याला तिथून दिसत नव्हतं.